हेलिकॉप्टर जेथे उतरत नाही : भोर-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरील बचावकार्य

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्य भागातील भोर आणि वेल्हे (आताचे अधिकृत नाव राजगड) हे दोन तालुके सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसले आहेत. जिल्ह्यातील सर्वांत उंच किल्ला तोरणा (सुमारे १४०३ मीटर), स्वराज्याची पहिली राजधानी राजगड आणि रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार याच परिसरात येते. धारेच्या पश्चिमेस रायगड जिल्ह्याची हद्द सुरू होते आणि जमीन शेकडो मीटर खाली कोकणात कोसळते. सुटीच्या दिवशी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या गिर्यारोहकांची येथे रीघ लागते. एखादा पाय घसरला, वाट चुकली किंवा दरड कोसळली, तर मदत कशी पोहोचते, याची माहिती मात्र फार थोड्यांना असते.

अपघाताची बातमी येताच हेलिकॉप्टर का पाठवले नाही, असा प्रश्न हमखास विचारला जातो. पावसाळ्यात त्याचे उत्तर बहुतेक वेळा येथील हवेत दडलेले असते.

हवाच विरोधात

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे कोकणपट्टी ओलांडून या धारेला थेट भिडतात. कड्याच्या आधाराने वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि हे ढग माथ्यालाच टेकलेले राहतात. पायथ्याच्या गावात लख्ख दिसत असताना माचीवर दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. दऱ्या अरुंद असल्याने वारा त्यांतून वर उसळतो, तर कड्याच्या आडोशाला तोच वारा अचानक खाली झेपावतो.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर ठेवायचे, तर वैमानिकाला कडा, झाड किंवा जमीन सतत डोळ्यांसमोर दिसावी लागते. धुक्यात हा आधार नाहीसा होतो. शिवाय पात्यांच्या झोताने कड्यावरील सुटे दगड जखमीवरच कोसळण्याचा धोका असतो. भोरच्या वरंधा घाटापलीकडील महाड तालुक्यात तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. रस्ते पुराने आणि दरडींनी बंद होते, हवामान प्रतिकूल होते, त्यामुळे बाहेरची मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली. तोवर माती उपसत होते ते गावकरीच. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हाही हेलिकॉप्टर सज्ज असून हवामानामुळे उडू शकले नाही. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने यंत्रेही नेता आली नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे (एनडीआरएफ) जवान आणि गिर्यारोहक डोंगर चढून गेले व हातांनी माती उपसू लागले.

वेळ जातो तो शोधात

एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळ मावळातील सुदुंबरे येथे आहे. तेथून भोर-वेल्ह्याच्या दुर्गम वाड्यांपर्यंत येण्यास काही तास लागतात. म्हणून पहिली मदत गावकरी, पोलिस आणि तालुक्यातील स्वयंसेवकांचीच असते. राज्यभरातील गिर्यारोहण संस्थांच्या पथकांचा मेळ घालण्यासाठी ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर’ ही यंत्रणा उभी राहिली आहे. घटनास्थळाला जवळचे पथक कोणते, कोणाकडे दोर व स्ट्रेचर आहे, याची सांगड तेथून घातली जाते. हे काम करणारे बहुतेक जण एरवी नोकरी-व्यवसाय सांभाळणारे असतात.

दोराचे काम अवघड असले, तरी पुष्कळदा त्याहून अधिक वेळ शोधात जातो. ‘आम्ही राजगडाच्या जंगलात आहोत’ एवढ्या निरोपावर पथकाला काहीच करता येत नाही. राजगडाला पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आहेत, गुंजवणे आणि पाली या बाजूंच्या वाटा वेगळ्या आहेत. तोरण्याच्या बुधला माचीवरून राजगडाकडे जाणाऱ्या लांबलचक सोंडेवर चकवणाऱ्या पायवाटा अनेक आहेत. केळदजवळचा मढे घाट, मोहरीकडून उतरणारी बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ अशा ठिकाणी मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. फोनमधील जीपीएस मात्र रेंजशिवायही अक्षांश-रेखांश दाखवू शकते. ते आकडे संदेशाने किंवा रेंजच्या टप्प्यात जाणाऱ्या माणसाकरवी पाठवले, तर शोधाचे कित्येक तास वाचतात. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. त्यातून वाचलेला एकमेव प्रवासी दरी चढून रस्त्यावर आला आणि त्याच्याकडूनच बाहेर खबर गेली.

दोर, कातळ आणि खांदे

ठिकाण निश्चित झाले, की प्रथम दोघा-चौघांची हलकी तुकडी प्रथमोपचाराचे साहित्य घेऊन पुढे जाते. जखमीजवळ पोहोचणे, रक्तस्राव थांबवणे, मानेला व मणक्याला आधार देणे आणि मागील पथकाला नेमकी माहिती कळवणे हे तिचे काम. दोर, पुली, कॅरॅबिनर व स्ट्रेचर घेऊन मोठे पथक मागून येते.

सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. कठीण बेसाल्टच्या थरांमध्ये ठिसूळ, तांबूस थर आढळतात. पावसात ते सुटतात, वर गवत माजते आणि पाय ठेवायला खात्रीची जागा उरत नाही. त्यामुळे दोर एकाच झाडाला किंवा खुंटीला बांधून चालत नाही. मुख्य दोर आणि सुरक्षेचा दोर स्वतंत्र आधारांना बांधतात, म्हणजे एक निसटला तरी दुसरा भार पेलतो. जखमीला वर ओढण्यासाठी पुलींची अशी रचना करतात, की घर्षण सोडल्यास एक तृतीयांश जोर पुरतो. मात्र एक मीटर वर घेण्यासाठी तीन मीटर दोर ओढावा लागतो.

कड्यावरून सुटका झाली, की खांद्यांची परीक्षा सुरू होते. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण लागतात. चिखलाच्या उतारावर ते लवकर थकतात, म्हणून आलटून पालटून उचलण्यासाठी अशा किमान तीन तुकड्या असाव्या लागतात. पायथ्याला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, तेथून वेल्हे किंवा भोरचे शासकीय रुग्णालय आणि गंभीर दुखापत असल्यास पुण्यातील ससून, असा हा प्रवास असतो.

या साऱ्या वेळात जखमीचा दुसरा शत्रू थंडी हा असतो. तापमान वीस अंशांच्या आसपास असले, तरी भिजलेले कपडे आणि वारा मिळून शरीरातील उष्णता वेगाने ओढून घेतात. शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले, की विचारशक्ती मंदावते. थरथर थांबली तर बरे वाटू लागले असा समज होतो, प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा असू शकतो.

थांबण्याचा निर्णय

वाचवायला गेलेला माणूस स्वतःच जखमी झाला, तर सुटका एकाऐवजी दोघांची करावी लागते आणि हात मात्र कमी होतात. म्हणून स्वतःची, मग सोबत्यांची आणि त्यानंतर जखमीची सुरक्षितता, असा क्रम बचावपथकांत शिकवला जातो. इर्शाळवाडीकडे चढताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. तेथे २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलै रोजी शोध थांबवण्यात आला.

रात्री धबधब्याच्या नाळेत उतरायचे की पहाटेपर्यंत थांबायचे, हा निर्णय पथकप्रमुखाला घ्यावा लागतो. वर नातेवाईक उभे असतात आणि खालून हाक ऐकू येत असते. अशा वेळी नकार देणे हा या कामाचा सर्वांत कठीण भाग होय.

वाड्या-वस्त्यांचा पावसाळा

पर्यटकाची आणीबाणी एका दिवसाची असते. घाटमाथ्यावरील रहिवाशांना ती दर पावसाळ्यात भोगावी लागते. भोरच्या हिर्डस मावळातील कोंढरी, धानवलीसारखी गावे दरडीच्या छायेत आहेत. वेल्ह्यातील दुर्गम वाड्यांतून आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला घोंगडीची झोळी बांबूला बांधून रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ अनेकदा आली आहे. अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचतात ते याच वाड्यांतील लोक. प्रत्येक ओहोळ व घळ त्यांना ठाऊक असते. त्यांच्या हाताशी मात्र चांगला दोर किंवा स्ट्रेचर क्वचितच असतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. तथापि स्वतःच्या हिमतीवर फिरणाऱ्यांची आणि या वाड्यांची भिस्त आजही मुख्यतः शेजाऱ्यांच्या खांद्यावरच आहे. घाटमाथ्याच्या गावांत एक स्ट्रेचर, दोर आणि वर्षातून एकदा प्रशिक्षण एवढी तजवीज झाली, तरी त्याचा लाभ गावकरी आणि पाहुणे या दोघांना होईल.

संकटात काय करावे

* जखमीला विनाकारण हलवू नये. त्याला कोरडे कपडे घालावेत आणि जमिनीच्या ओलाव्यापासून दूर ठेवावे.
* ११२ वर दूरध्वनी करून किल्ल्याचे वा घाटाचे नाव, कोणत्या गावातून चढलो, शेवटची ओळखीची खूण, अक्षांश-रेखांश, जखमींची संख्या आणि फोनची उरलेली बॅटरी सांगावी.
* निरोप दिल्यावर जागा सोडू नये.
* रेंज नसल्यास शिटी किंवा विजेरीने मिनिटाला सहा वेळा संकेत द्यावा, मग एक मिनिट थांबून पुन्हा द्यावा. मिनिटाला तीन संकेत आले, तर ते मदत पथकाचे उत्तर समजावे.
* आकाश मोकळे असून हेलिकॉप्टर आलेच, तर दोन्ही हात वर तिरपे उंचावून उभे राहावे. ‘मदत हवी आहे’ असा त्याचा अर्थ जगभर घेतला जातो.