एझ्राकाकांची उत्तरे : विद्यार्थी-मनःस्वास्थ्याच्या इतिहासातील एक प्रकरण

विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या बुद्धीची जबाबदारी घ्यावी, हे सर्वमान्य आहे. मनाची घ्यावी की नाही, या प्रश्नाला मात्र विसाव्या शतकापूर्वी विद्यापीठांच्या व्यवहारात फारसे स्थान नव्हते. इ. स. १९१० मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात स्ट्युअर्ट पेटन या मनोविकारतज्ज्ञाने अशी सेवा सुरू केली. चांगले विद्यार्थी पदवी न घेताच विद्यापीठ सोडून जातात आणि त्यामागे पुष्कळदा भावनिक अडचणी असतात, हे निरीक्षण तिच्या मुळाशी होते. विद्यार्थी-मनःस्वास्थ्याच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. प्रस्तुत लेखात त्यातील एकच धागा पाहावयाचा आहे. हे साहाय्य समुपदेशकाच्या खोलीतून निघून संगणकावर गेले आणि एका विद्यापीठाचे साहाय्य दुसऱ्यालाही उपलब्ध झाले, तेव्हा त्यातील कोणता भाग प्रवास करू शकला आणि कोणता जागीच राहिला?

खोलीची अडचण उघड होती. तिच्या दारापर्यंत जो येतो त्यालाच तिचा उपयोग. आणि ज्याला सर्वांत अधिक गरज, तो बहुधा येत नाही. यावर पहिला उपाय दूरध्वनीचा झाला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये ‘नाइटलाइन’ ही सेवा निघाली. रात्री फोन करणाऱ्याचे बोलणे विद्यार्थी-स्वयंसेवकांनीच ऐकून घ्यावयाचे, अशी तिची रीत. टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथे त्याच दशकात आणखी एक प्रयोग केला : विद्यार्थ्याने फोन करून विषय सांगावा आणि त्या विषयावरील ध्वनिफीत ऐकावी. ऐकणाऱ्याला नाव सांगावे लागत नसे. पण त्याला स्वतःचा प्रश्नही विचारता येत नसे.

ही उणीव न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाने भरून काढली. तेथे १९८२ पासून ‘क्यूइन्फो’ नावाची संगणकीय माहितीव्यवस्था चालत होती. सार्वजनिक संगणकांवर बसून विद्यार्थी तीवरील सूचना वाचत. १९८६ मध्ये मानसशास्त्रीय सेवाविभागाचे प्रमुख जेरी फाइस्ट आणि ‘क्यूइन्फो’चे निर्माते स्टीव्ह वरोना यांनी तिला एक सदर जोडले : ‘डिअर अंकल एझ्रा’. कोणीही नाव न देता प्रश्न लिहावा आणि एझ्राकाकांनी त्याचे उत्तर सर्वांना दिसेल असे द्यावे. एझ्रा हे विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांचे नाव. ते १८७४ मध्येच निवर्तले होते. तेव्हा त्यांच्या नावाने उत्तर देण्यात कोणाचीही फसवणूक नव्हती. समुपदेशकाने ‘संचालक’ म्हणून न बोलता काका म्हणून बोलावे, ही कल्पना मराठी वाचकाला नवलाची वाटणार नाही. आपल्याकडेही मनातले दुःख वडिलांपेक्षा काकांपाशी किंवा मामांपाशी बोलणे पुष्कळांना सोपे जाते.

या सदराचे महत्त्व सहसा त्याच्या निनावीपणात शोधले जाते. आमच्या मते ते तेवढ्यात नाही. निनावीपणा नाइटलाइनमध्येही होता. कॉर्नेलचे वैशिष्ट्य हे की प्रश्न निनावी असून उत्तर जाहीर होते. परीक्षेची धास्ती, सहनिवाशाशी बेबनाव, तुटलेले प्रेम, घरची आठवण यांपैकी एखाद्या विषयावर एकाने लिहिले की ज्याने कधीही लिहिले नसते असा दुसरा ते वाचून जाई. समुपदेशनाचा पाया गोपनीयता. येथे गोपनीय राहिले ते केवळ नाव, आणि दुःख सार्वजनिक झाले. ‘हे फक्त माझेच झाले आहे’ ही समजूत विद्यार्थ्याला जितकी एकटे पाडते तितके मूळ दुःखही पाडत नसावे. तिच्यावर या पद्धतीने जो आघात केला, तो बंद खोलीत शक्य नव्हता. शिवाय उत्तर देणारा त्याच आवारातला होता. कोणत्या इमारतीत जावे, कोणाला भेटावे, हे त्याला सांगता येई.

कोलंबिया विद्यापीठाने १९९३ मध्ये ‘गो आस्क ॲलिस’ काढले आणि पुढील वर्षी ते वेबवर खुले केले. आता विचारणारा कोलंबियाचाच विद्यार्थी असेल, असे राहिले नाही. याच दशकात शिकागो विद्यापीठाच्या समुपदेशन विभागाने एक ‘आभासी पत्रकसंग्रह’ रचला. निरनिराळ्या विद्यापीठांच्या केंद्रांनी चिंता, शोक, निद्रानाश, चालढकल अशा विषयांवर आपापली पत्रके लिहिली होती; शिकागोने त्यांची विषयवार सूची करून प्रत्येकाचा दुवा दिला. लहानशा महाविद्यालयाला स्वतःचे काही लिहिण्याची गरज उरली नाही. ही देवघेव निःसंशय उदारपणाची होती. तथापि पत्रकाच्या शेवटी ‘आमच्या केंद्राशी संपर्क साधा’ असे लिहून जो पत्ता दिलेला असे, तो परगावच्या वाचकाला निरुपयोगी होता. मजकूर आला, काका आले नाहीत.

ही गोष्ट केवळ सोयीची नव्हती. कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या बर्कली येथील रुग्णालयात एका रुग्णाने एका तरुणीला मारण्याचा हेतू बोलून दाखविला होता. तिला सूचना मिळाली नाही आणि १९६९ मध्ये तिची हत्या झाली. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये, टॅरासॉफ खटल्यात, धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे चिकित्सकाचे कर्तव्य ठरविले. हे कर्तव्य बजावण्यासाठी समोरचा कोण हे ठाऊक असावे लागते. निनावी पत्राला उत्तर देणाऱ्यापाशी नाव नसते, पत्ताही नसतो. धोक्याचे पत्र आले तर जाहीर उत्तरात ‘कृपया अमुक ठिकाणी ये’ असे लिहिणे आणि वाट पाहणे, एवढेच त्याच्या हाती उरते. ज्या निनावीपणाने विद्यार्थी बोलता झाला, त्यानेच त्याला हाताबाहेर ठेवले.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे वसतिगृहे रिकामी झाली, तेव्हा दुसरी मर्यादा उघडी पडली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना राज्यापुरता असतो. पत्रक कोणत्याही राज्यात वाचता येई. पण काल आवारात भेटणारा विद्यार्थी आज दुसऱ्या राज्यातल्या आपल्या घरून पडद्यावर आला की त्याच्याशी समुपदेशन चालू ठेवणे कायद्यात बसते की नाही, हे पाहावे लागे. आंतरराज्य करार २०१९ मध्ये अमलात आला होता, पण सर्व राज्ये त्यात नव्हती. काहींनी तात्पुरती सूट दिली.

भारतात अडचणीचे स्वरूप निराळे आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही दूरध्वनी व ईमेलवरील सेवा सुरू केली, तीही केवळ आपल्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वांसाठी १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ आणले. येथे राज्याची सीमा आड येत नाही. आड येते ती भाषा. टेलिमानसच्या योजनेत वीस भाषा आहेत, हे म्हणूनच महत्त्वाचे. ‘जीव घुसमटतो’, ‘मन लागत नाही’, ‘कशातच राम वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ॲन्झायटी’ या शीर्षकाखालील पत्रक आपल्यासाठीच आहे, हे कळतेच असे नाही. आपल्या विद्यापीठांनी पत्रकांची देवघेव करण्याआधी मराठी विद्यार्थी आपला त्रास कोणत्या शब्दांत सांगतात, याची नोंद करावयास हवी. तिचा आरंभ मानसशास्त्र व मराठी या दोन विभागांना एकत्र बसून करता येईल, आणि त्यासाठी संगणकाची गरज पडणार नाही.