न्हावा शेवा, जून २०१७

२७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये सुरू झालेल्या नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प केलं. ते मर्स्क या डॅनिश समूहाचं. मर्स्कच्या युक्रेनमधल्या ओडेसा इथल्या कार्यालयात एम. ई. डॉक हे तिथलं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं आणि हल्लेखोरांनी त्याच्या अपडेटमध्येच विष कालवलं होतं. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिलेला पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, सगळीकडे टाकला असता तर हे टळलं असतं, असं अनेकजण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. पॅच नसलेलं एक मशीन मिळालं तरी नॉटपेट्या त्याच्या मेमरीतले पासवर्ड उचलून पॅच टाकलेल्या मशीनमध्येही शिरत होता. ओडेसापासून उरणपर्यंत वाटेत त्याला अडवणारी भिंतच नव्हती, हे खरं दुखणं.

मर्स्ककडे बॅकअप नव्हता असंही नाही. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती सांभाळत होते. पण ते सगळे एकाच जाळ्यात, त्यामुळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका प्रतीच्या आधारावर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे राहिले. म्हणून माझं म्हणणं असं, की निदान एक प्रत जाळ्यापासून कायम तोडलेली हवी आणि जाळ्याचेही वेगळे कप्पे हवेत.

यावर आक्षेप येतो, की नॉटपेट्या हा खंडणीसाठीचा खरा हल्ला नव्हताच, मग त्याचा धडा खंडणीखोरांच्या हल्ल्यांना कसा लागू होणार? अमेरिका-ब्रिटनने त्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला आहे. बरोबर. पडद्यावर ३०० डॉलर मागितले होते, पण पैसे भरूनही फायली उघडणं शक्य नव्हतं. मात्र खऱ्या खंडणीखोर टोळीला पैसे भरणाऱ्याच्या हातीही केवळ गुन्हेगाराचा शब्दच असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०१९च्या अखेरीस मेझ या टोळीने रुळवलेल्या पद्धतीने खंडणीखोर टोळ्या आधी माहिती चोरतात आणि मग ती उघड करण्याची धमकी देतात. तिथे बॅकअप अपुरा पडतो, हे मान्यच. पण कप्पे असतील तर चोराच्या हाती सगळं घबाड लागत नाही. खर्चाची सबबही फार टिकत नाही. भोसरीतल्या छोट्या कारखान्याला दोन हार्ड डिस्क आलटून-पालटून वापरता येतात: एक कामाला, दुसरी केबल काढून कपाटात. महिन्यातून एकदा मात्र तिच्यावरचे हिशेब दुसऱ्या संगणकावर उघडून बघायला हवेत.