पिक्चरचा रिपोर्ट

एप्रिल २०१७ चा शेवटचा आठवडा. विरार पूर्वेला आमच्या फुलपाड्यात, पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडापावची एक गाडी लागते. तिच्याभोवती संध्याकाळी जी तरुण मंडळी जमतात त्यांच्यापुढे त्या आठवड्यात देशाचा एकच प्रश्न होता : कट्टप्पाने बाहुबलीला का मारले? जुलै २०१५ मध्ये पहिला भाग संपला तेव्हापासून हा प्रश्न लोंबकळत पडलेला. २८ तारखेला दुसरा भाग लागणार आणि उत्तर मिळणार, हे सर्वांना ठाऊक होते. पण तेवढा धीर धरायचा तर मग तरुण कशाला व्हायचे?

परदेशातल्या कुणा गृहस्थांनी म्हणे पिक्चर आधीच पाहिले होते आणि पाच तारे बहाल केले होते. दुसऱ्या कुणाचे मत पडले की लढाई चांगली आहे, पण मधे मधे झोप येते. झाले! गाडीभोवती दोन तट पडले. ‘अरे, तो सगळ्यांनाच पाच देतो,’ ‘मागे त्याने ज्याला पाच दिले ते तीन दिवसांत उतरले,’ अशी त्या पाच-तारे गृहस्थांच्या पूर्वचरित्राची चिरफाड सुरू झाली. आमच्याकडे लग्नाच्या स्थळाचीसुद्धा इतकी चौकशी होत नाही.

एकाने तोंडातला घास तसाच ठेवून मला विचारले, “काका, तुमच्या वेळी हे कसं कळायचं हो?”

“विरार लोकलनं,” मी म्हणालो.

पोरे हसली. त्यांना वाटले, मी विनोद केला. पण हा विनोद नसून इतिहास आहे, आणि तो जरा मुळापासूनच सांगायला हवा.

आपल्याकडे सिनेमा लोकांनी पाहण्याआधीच त्याचा रिपोर्ट घेण्याची पद्धत सिनेमाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ ला लागला, ही तारीख शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण त्याआधी २१ एप्रिलला ग्रँट रोडच्या ऑलिंपियात निवडक मंडळींना तो दाखवला होता, हे फारसे कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणजे बारा दिवस मुंबईत अशी काही माणसे हिंडत होती की ज्यांनी तो पाहिला होता, आणि बाकीचे सगळे त्यांना गाठून विचारत असणार, “कसा आहे हो?” त्या निवडक मंडळींचा भाव त्या बारा दिवसांत काय वधारला असेल! नुसत्या मानेच्या हालचालीवर चहा मिळाला असेल.

सामान्य प्रेक्षकांची अडचण निराळीच होती. नाटक म्हणजे रात्रभर चालणारा मामला. त्यांना हे तासाभरात संपणारे प्रकरण फसवणुकीचे वाटे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच अशी केली की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सगळे तीन आण्यांत. कापडासारखा सिनेमा मैलावर विकणारा हा पहिला माणूस. आजच्या कुठल्याही तारेवाल्या समीक्षकापेक्षा हे माप मला जास्त प्रामाणिक वाटते. दोन मैल म्हणजे दोन मैल. त्यात मतभेदाला जागा नाही.

‘पुढचा भाग’ हे प्रकरणही फाळक्यांनीच आणले, असे माझे आपले मत आहे. १९१८ साली ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’. दोन्हीत कृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. ‘कालिया मर्दन’च्या सुरुवातीला तर ही सात वर्षांची पोर नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. आता गंमत बघा. कालियाचे पुढे काय होते, हे तेव्हा कुणाला विचारायचे होते? आजीने ते मांडीवर बसवून आधीच सांगून टाकलेले. गोष्ट फुटण्याची भीती नाही, उत्सुकता एवढीच की साप कसा दाखवलाय. कट्टप्पाच्या बाबतीत नेमके उलटे. तिथे साप कसाही चालला असता, गोष्ट फुटायला नको.

पुढे १९३५ साली वाडिया मूव्हिटोनचा ‘हंटरवाली’ तयार झाला, तर तो घ्यायला वितरक पुढे येईनात. गोरी बाई हातात चाबूक घेऊन गुंडांना बडवते, हे कोण बघणार, असा बाजारातल्या शहाण्यांचा आगाऊ रिपोर्ट. निर्मात्यांनी मग आपल्याच हिमतीवर तो लावला, लोकांनी पंचवीस आठवडे डोक्यावर घेतला आणि नाडियाच्या नावाचा डंका झाला. आठ वर्षांनी, १९४३ साली, ‘हंटरवाली की बेटी’ आली. शहाणे तेव्हा काय म्हणाले ते नोंदलेले नाही. शहाणे चुकल्यावर काय म्हणतात ते कधीच नोंदलेले नसते.

आता विरार लोकल. आमच्या विरारहून मुंबईला पहिली गाडी सुटली १८६७ साली, आणि विजेची लोकल बोरिवलीवरून पुढे विरारपर्यंत आली १९३६ साली. या सुधारणेचे फायदे भूगोलाच्या पुस्तकात दिलेले असतात : दूध, भाजी, फुले मुंबईला जाऊ लागली वगैरे. परतीच्या गाडीने काय येऊ लागले ते मात्र पुस्तकात नाही. परतीच्या गाडीने पिक्चरचे रिपोर्ट येऊ लागले. फुलपाड्यात ते आणण्याचे खाते आमच्या धाकट्या काकांकडे होते.

काका चर्चगेटला कारकून होते. शुक्रवारी नवे पिक्चर लागले की काका रात्री उशिराच्या गाडीने येत. साठ किलोमीटर उभ्याने येऊनही चेहऱ्यावर शिणवटा नाही, उलट राजदूताचे गांभीर्य. ओट्यावर चार-पाच जण ताटकळत बसलेले असत. तेव्हा आमच्याकडे शेते होती, दिवे कमी होते, आणि अंधारात जीवदानीचा डोंगर नुसता काळा ठिपका दिसे. काका आधी पाय धूत, मग पाणी पीत, मग म्हणत, “चालेल.” किंवा, “पडलं.” या दोन शब्दांपलीकडे त्यांनी कधी समीक्षा केली नाही, आणि त्या दोन शब्दांवर अख्ख्या पाड्याचा महिन्याचा सिनेमा ठरे. लोकलचे भाडे, तिकीट आणि मधल्या सुट्टीतला वडा असा तो खर्च होता. चुकीच्या पिक्चरवर तो करणे कुणालाच परवडत नव्हते.

मोठेपणी मला कळले की काका पुष्कळदा पिक्चर न बघताच येत. थिएटरच्या दारापर्यंत जात आणि ब्लॅकवाल्याचा भाव ऐकत. ‘दो का पाँच’ असेल तर चालेल. ‘दो का ढाई’ असेल तर पडलं. याला मी फसवणूक म्हणणार नाही. ब्लॅकवाला हा एकच समीक्षक असा की जो स्वतःच्या खिशातले पैसे लावून मत देतो.

पण १९७५ साल आले आणि काकांची गादी डळमळली. १५ ऑगस्टला ‘शोले’ लागला. काका पहिल्याच आठवड्यात मिनर्व्हाला जाऊन आले आणि म्हणाले, “पडलं. लोक गप्प बसलेत. टाळी नाही, शिट्टी नाही.” बरे, हे काही एकट्या काकांचे मत नव्हते. धंद्यातले भलेभले तेच म्हणत होते. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावे की काय, इथपर्यंत निर्मात्यांकडे खल झाला. मग कुणाच्या तरी लक्षात आले की लोक कंटाळून नव्हे, थक्क होऊन गप्प बसलेत. पुढे तो मिनर्व्हात पाच वर्षे चालला आणि त्याच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या खपल्या. काकांना तो पाचही वर्षे ग्रँट रोड स्टेशन ओलांडताना खिडकीतून दुसरीकडे बघावे लागले.

त्याच वर्षीचा दुसरा घाव घरातूनच बसला. मे महिनाअखेर ‘जय संतोषी माँ’ लागला होता. आई तेव्हा शुक्रवार करत होती. आंबट खायचे नाही, गूळ-चण्यांचा प्रसाद वाटायचा. तिने दिरांच्या शब्दाबाहेर कधी पाऊल टाकलेले नव्हते, सिनेमाच्या बाबतीत तर नाहीच. तिने विचारले, “भाऊजी, कसं आहे हो ते?” काका म्हणाले, “वहिनी, हॉल रिकामा आहे. चार दिवसांत उतरेल.” आई गप्प बसली. दीड-दोन महिन्यांनी, पाड्यातल्या सहा बायका बरोबर घेऊन, वडिलांना फक्त ‘जाऊन येते’ एवढे सांगून ती गेली. सकाळच्या लोकलने गेली, दिवेलागणीला परत आली. काका ओट्यावर बसले होते. आई म्हणाली, “भाऊजी, लोकांनी थेटराबाहेर चपला काढल्या होत्या. पडद्यावर फुलं टाकत होते, पैसे टाकत होते. तुम्ही रिपोर्ट आणायला चपला घालून गेला असाल.”

आमच्या घरात त्या दिवसानंतर आई कुणालाही न विचारता सिनेमाला जाऊ लागली. आणखीही पुष्कळ ठिकाणी जाऊ लागली. पण तो वेगळा लेख होईल.

(इथे गाडीवरच्या एका पोराने मोबाइलमधून डोके वर काढले. मला वाटले, त्याला काही विचारायचे आहे. तो म्हणाला, “अजून एकाने साडेतीन दिले.”)

काकांचा शेवटचा मोठा रिपोर्ट ‘छोटा चेतन’चा. मूळ मल्याळम पिक्चर १९८४ सालचे, आपल्या देशातले पहिले थ्रीडी. मग ते हिंदीत आले. चष्मा लावला की आइस्क्रीम थेट नाकासमोर येते म्हणत. आमची धाकटी भावंडे वेडी झाली होती. काका आले, पाय धुतले आणि म्हणाले, “नको. एकाचा चष्मा दुसऱ्याला लावतात. डोळे येतात.” ही आवई तेव्हा सगळीकडेच उठली होती. चष्मे स्वच्छ करूनच देतो असे निर्मात्यांना सांगत बसावे लागले. आमच्याकडे मात्र कुणी गेले नाही. डोळ्यांच्या बाबतीत धोका कोण पत्करणार?

नंतर घरोघर टीव्ही आला, व्हिडिओ आला, आणि काकांचे खाते आपोआप बंद पडले. १९९३ साली महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला, त्यात शिरलेला तात्या विंचू, दिलीप प्रभावळकरांचा तो आवाज आणि समोर घाबरगुंडी उडालेला लक्ष्मीकांत बेर्डे. काका तेव्हा कुणी न विचारताच बघून आले आणि दोन दिवस त्या आवाजात बोलत होते. माझ्या चार वर्षांच्या मुलाने त्या धसक्याने आपले सगळे बाहुले कपाटात कोंडले.

वीस वर्षांनी, जून २०१३ मध्ये, ‘झपाटलेला २’ आला, आणि तोही थ्रीडीत. बेर्डे २००४ सालीच गेले होते. त्यांच्यावाचून तात्या विंचू कसा दिसणार, यावर तेव्हाच्या पोरांनी असाच खल मांडला होता. माझा मुलगा, तोच बाहुले कोंडणारा, मोबाइलवर वाचून म्हणाला, “आजोबा, रिपोर्ट मिक्स आहे. पहिल्याची सर नाही म्हणतात.”

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला होता. ते म्हणाले, “तू तुझा रिपोर्ट तुझ्याकडे ठेव. मला घेऊन चल.” मग रिक्षात बसल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्या छोट्या चेतनला मी गेलोच नव्हतो रे. गाडीत दोघं बोलत होते, ते ऐकून सांगितलं. नाहीतर तेव्हाच बघितलं असतं. तेव्हा दोन्ही होते.”

थ्रीडीची सगळी करामत दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवण्यात आहे. एक डोळा असला की चष्मा लावा नाहीतर काही करा, चित्र सपाटच. हे मला ठाऊक होते. त्यांना ठाऊक होते की नाही, ते मी विचारले नाही. अंधारात ते चष्मा लावून ताठ बसले होते. तात्या विंचू अंगावर आला की हॉलभर किंकाळी उठे आणि सगळे मागे सरत. काका एकदा उजवीकडे बघत, एकदा डावीकडे बघत, आणि मग सगळ्यांच्या मागून, अर्धा क्षण उशिरा, मान मागे घेत.

रात्री ओट्यावर शेजारचे दोघे-तिघे बसले होते. ओटा आता कठड्याचा झाला आहे आणि वर इमारतीचे नाव आहे, पण बसणारे बसतातच. कुणीतरी सवयीने विचारले, “काका, रिपोर्ट काय?”

काकांनी पाय धुतले, पाणी प्यायले.

“चष्मा उत्तम होता,” ते म्हणाले. “परत द्यावा लागला.”