घड्याळाशीं शर्यत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेंतील एखाद्या कुटुंबाची रोजच्या वापरांतील मोटार आणि केवळ वेगासाठीं घडविलेलें महागडें वाहन यांची शर्यत लावली, तर निकाल आधींच ठरलेला, असें कोणीहि म्हणेल. परंतु या दोघांना समान संधि देणारी एक पद्धति अमेरिकेंत रुजली आहे, हें ऐकून नवल वाटेल.

कॅलिफोर्नियांतील तरुण रहदारीच्या रस्त्यांवरच शर्यती लावीत. त्यांत स्वतःच्या जिवाबरोबर वाटसरूंचाहि जीव धोक्यांत येई. या हौसेला सुरक्षित जागा मिळावी म्हणून १९५० सालीं सांता आना येथील विमानतळावर सरळ धावेच्या शर्यती सुरू झाल्या. पुढल्याच वर्षीं वॉली पार्क्स यांनीं ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, हें अंतर प्रमाण ठरलें.

रस्ता सुरक्षित झाला, पण पैशाचें पारडें जडच राहिलें. त्यावर तोड म्हणून १९७० नंतरच्या दशकांत ‘ब्रॅकेट’ पद्धति रूढ झाली. प्रत्येक चालक आपल्या गाडीला किती वेळ लागेल, हें आधींच जाहीर करतो. एकानें सोळा सेकंद सांगितले व दुसऱ्यानें अकरा, तर पहिला पांच सेकंद आधीं सुटतो. हिरव्या दिव्यापूर्वीं निघणारा बाद होतो. कोणी लबाडीनें जास्त वेळ सांगूं नये, म्हणून सांगितलेल्या वेळेहून लौकर पोंचणाराहि हरतो. दोघेहि तसे पोंचले, तर ज्याची चूक थोडी तो जिंकतो. मग विजय उरतो तो तत्पर दृष्टीचा आणि आपल्या वाहनाच्या अचूक ज्ञानाचा.

महाराष्ट्राला ही कल्पना अगदींच परकी नाहीं. पुणें जिल्ह्यांतील बैलगाडा शर्यतींत घाटांतून एका वेळीं एकच गाडा धांवतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. मात्र तेथें मुक्या जनावरांच्या यातनांचा प्रश्न होता. म्हणून २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींना बंदी केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं नियमांच्या चौकटींत परवानगी दिली. आणि १८ मे २०२३ रोजीं राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला.

यंत्राला वेदना नसतात. रस्त्यावरील माणसाला असतात. वेगाची ओढ तरुणांच्या मनांतून कोणत्याहि कायद्यानें पुसली गेलेली नाहीं. तिला जागा आणि नियम दिले, तेथें तिचा खेळ झाला. न दिले, तेथें तिनें बळी घेतले.