खाडीच्या जमाखर्चात वान नदी

मेळघाटातून उतरणारी वान पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतच्या पुढे समुद्राला. म्हणजे तेल्हाऱ्याचं पाणी शेवटी एका खाडीत जातं. तिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं, आणि मासे, कोळंबी, खेकडे त्या मिसळणीवर जगतात. अशा जगाचं गणित मांडता येतं का?

सुरुवात मासळीबाजाराच्या आकड्यांतून झाली. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फ्युमे बंदरात 1914 साली आलेल्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा सुमारे 12 टक्के होता. 1918 मध्ये तो 36 टक्क्यांवर गेला. मधल्या काळात महायुद्धामुळे मासेमारी थंडावली होती. पण मग शिकारीच का वाढले, त्यांचं भक्ष्य का नाही? उंबर्टो द'अँकोना या प्राणिशास्त्रज्ञानं हा प्रश्न गणितज्ञ व्हिटो व्होल्टेरांपुढे ठेवला. (त्याच सुमारास ते त्याचे सासरे झाले. घरच्या गप्पांतून असं काही निघावं, याचा मला हेवा वाटतो.) 1926 मध्ये व्होल्टेरांनी दोन समीकरणांत उत्तर दिलं: दोघांचीही मासेमारी होत राहिली, तर सरासरीत भक्ष्य वाढतं आणि शिकारी घटतात. जाळी थांबली की उलट.

1984 मध्ये हवाईत जेफ्री पोलोविना यांनी 'इकोपाथ' मांडलं. त्यात प्रत्येक जीवगटाचं खातं असतं: किती वाढला, किती खाल्ला गेला, किती पकडला गेला. किराणा दुकानाच्या वहीसारखंच. पुढे ही पद्धत खाड्यांनाही लावली गेली.

पण खाडीत कोण राहणार हे मिठावरही ठरतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मांडवी-जुवारीच्या भरती-ओहोटीची आणि खारटपणाची मॉडेलं केली. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाजवळचं वरचं पाणीही जवळपास गोडं होतं, उन्हाळ्यात खारं पाणी आत कित्येक किलोमीटर चढतं. अशा मॉडेलला समुद्राच्या टोकाला भरती द्यावी लागते आणि वरच्या टोकाला नदीचा प्रवाह. तो प्रवाह म्हणजे फक्त आकड्यांची एक रांग. वरची गावं, विहिरी, धरणं, सगळं त्यात दडलेलं.

तापीच्या खाडीचं असं मॉडेल केलं, तर आपण त्या रांगेत असू. 1972 मध्ये उकाई धरण झालं, 1995 मध्ये सुरतला सिंगणपोरचा बंधारा, ज्यानं भरतीचं खारं पाणी अडवलं. खाडीला किती गोडं पाणी मिळेल हे आता बरंचसं दारं ठरवतात. आमच्या वान धरणाचं पाणी शेताला की शहराला, यावरून तेल्हाऱ्यात आंदोलनं झाली. मी शेताच्या बाजूनं होतो, आजही आहे. पण तेव्हा हिशेबात मी दोनच नावं धरली होती.