हळदीची साक्ष

बोट कापले की चिमूटभर हळद दाबावी, हे ग्वाल्हेरच्या दौलतगंजात नांदणाऱ्या मराठी घरांत कोणी ग्रंथ उघडून शिकत नाही. परंतु मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास हळदीच्या याच गुणावर पेटंट मिळाले, तेव्हा आजीबाईंची साक्ष चालण्यासारखी नव्हती. लिखित आधार हवा होता. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. (आमच्या कोंकणी वाचकांस याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच.) संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका वैद्यकीय लेखापर्यंत ३२ आधार परिषदेने पुढे मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

यांपैकी एकही आधार गुप्त नव्हता. ग्रंथ आणि पेटंट तपासणारा अधिकारी यांची गाठच पडली नव्हती, इतकेच.

अशा न पडलेल्या गाठींत नवे ज्ञानही दडलेले असते, हे शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॅन्सन यांनी १९८६ सालीच दाखविले होते. थंडीने बोटे पांढरी पडण्याचा रेनॉ नावाचा विकार आहे. त्यात रक्ताचा दाटपणा वाढलेला आढळतो, असे काही लेख सांगत. माशांच्या तेलाने तो कमी होतो, असे दुसरे सांगत. दोन्हींचे लेखक परस्परांचा उल्लेखही करीत नसत. एकही रोगी न तपासता स्वॅन्सन यांनी दोहोंची सांगड घातली, आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने त्या तर्कास काही अंशी पुष्टी दिली. पुढे नील स्मॉलहायझर यांच्या साहाय्याने त्यांनी हे काम संगणकावर चढविले. दोन लेखसमूहांत समाईक असलेले शब्द यंत्र वेचून देते; त्यांतला खरा दुवा कोणता, हे माणसानेच ठरवावयाचे.

आपल्याकडे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. आयुर्वेदादी ग्रंथांतील योग सांकेतिक वर्गवारीत बसवून तेथे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत उतरविले आहेत. २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी करार झाला. ही ढाल उत्तमच. पण ढालीने शोध लागत नाहीत. हाच संग्रह स्वॅन्सन यांच्या रीतीने आधुनिक प्रयोगलेखांशी ताडून पाहण्यात आम्हांस अधिक मोल दिसते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कार्यालयांखेरीज इतरांसही तो खुला करण्यास मान्यता दिली, ही म्हणूनच मोठी गोष्ट होय.

मात्र यंत्र जोडील ते त्याच्यापुढे ठेवलेलेच. दौलतगंजातील एखाद्या माळ्यावर औषधांचे मोडी बाड पडले असेल, तर ते आधी कोणीतरी वाचून देवनागरीत उतरविले पाहिजे.