दोन पाहुणे

निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत लहानपणी दोन गोष्टींची धास्ती असे. आईला कोळ्याची आणि वडिलांना केवड्याची. आता त्याला सगळे 'डाऊनी' म्हणतात. कोळी दिसला की आई झाडू उचली. पानावर तेलकट डाग दिसला की वडील पाठीवर पंप घेत. पुढे इतिहास वाचताना कळलं, की असे दोन पाहुणे युरोपातही जवळजवळ एकदमच उतरले होते.

1878 साली फ्रान्सच्या द्राक्षवेलींवर केवडा प्रथम दिसला. तिथं फायलोक्सेरा या किडीनं मुळांवर घाला घालून बागा उजाड केल्या होत्या. उपाय म्हणून अमेरिकेतून काटक वेली आणल्या आणि त्यांच्यासोबत हा रोग आला, असं मानतात. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या टॉर्की गावात स्टिएटोडा नोबिलिस नावाचा कोळी नोंदला गेला. तो मूळचा मदिरा आणि कॅनरी बेटांवरचा. फळांच्या मालाबरोबर आला असावा.

दोघांचंही कूळ आपण चुकीचं सांगतो. कोळ्याला आठ पाय, म्हणजे तो कीटक नव्हे. केवड्याला आपण बुरशी म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्याला तपकिरी शेवाळांचा भाऊबंद मानतात. पानावरच्या पाण्यात त्याचे बीजाणू पोहतात आणि पानाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतात. कोळी भक्ष्य मारतो. केवड्याला मात्र जगायला जिवंत पानच लागतं.

1882 मध्ये बोर्दोचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार दिसल्या. द्राक्षं चोरणाऱ्यांनी बिचकावं म्हणून मालकानं त्यांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता! त्यातूनच 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगासमोर आलं. तेच मिश्रण कालवून वडिलांचे हात निळे होत.

नोबिलिसचा चावा दुखतो, सुजतो, पण सहसा त्यापलीकडे जात नाही. तरीही 2013 साली ब्रिटिश वृत्तपत्रांत त्याच्या भीतीचा मोठा गाजावाजा झाला. डोळ्यांना दिसतं, त्याला माणूस आधी घाबरतो. आमच्याकडे मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, की न दिसणारा पाहुणाच वर्षाची कमाई नेतो.

बागेतला कोळी तर किडी खाऊन आपलंच काम हलकं करतो. एवढं आईला सांगायला मला फार उशीर झाला.